बर्फाच्या लग्नाचा आहेर

उम्म अल कुवैन
१४ सप्टेंबर १९९७

चि. दर्शना,

तुझ्या बाबाचा आशीर्वाद हे पत्र उघडण्याआधीच घे. वाचून झाल्यावर घेशील की नाही, याची मला खात्री नाही.

तुझ्या आईचं पत्र मिळालं. तुळशीचं लग्न झाल्यावरचा पहिलाच मुहूर्त धरला आहे आणि मुलाकडचे पुढे ढकलायला तयार नाहीत, हे कळलं. स्थळ चांगलं आहे. माझी सुट्टी नोव्हेंबरात आहे हे धरूनच तिने तारीख काढली, हेही बरोबरच.

एक विचारायचं आहे. फोनवर विचारलं असतं, पण बूथवर पाठीमागे माणसं उभी असतात. मीटर पळत असताना असलं काही विचारता येत नाही.

माझ्या खोलीतला नूरुद्दीन तुला ठाऊक आहे. तू शाळेत असताना मी जर्दाळूच्या बिया आणल्या होत्या, त्या त्याच्याच घरच्या. तो पाकिस्तानच्या पार उत्तरेचा, स्कर्दूच्याही पलीकडच्या एका गावाचा. आम्ही दोघं इतकी वर्षं याच बर्फाच्या फॅक्टरीत आहोत. तो कॉम्प्रेसरवर, मी टाकीवर. मच्छीमारांच्या होड्यांना आम्ही बनवलेल्या लाद्या जातात.

त्याच्या गावात आपल्यासारखा पाऊस नाहीच. डोंगरात वर बर्फाची गोठलेली नदी आहे. उन्हाळ्यात तिचं टोक वितळतं आणि ते पाणी कड्यात खोदलेल्या पाटाने गावात येतं. त्यावर जव, गहू, जर्दाळू. आपल्या वाडीतल्या सुपारीला पाटाचं पाणी पाळीने मिळतं ना, तिथेही तसंच, घरागणिक पाळी.

आम्ही एका खोलीत राहू लागलो तेव्हा त्याच्या घरची पत्रं आनंदाची असायची. पाणी वाढलंय, वरच्या पडीक जागेत नवी झाडं लावली, चक्की आता दिवसभर फिरते. तो खजूर वाटायचा. मीही म्हणायचो, देवाची कृपा. तो बर्फ स्वतःचं अंग उतरवून पाणी देत होता, हे त्यालाही कळलं नाही आणि बर्फाच्याच धंद्यात असून मलाही नाही. मग टोक मागे सरकलं. आता बर्फ वर, पाटाचं तोंड खाली आणि मध्ये नुसते कोरडे दगड. पाट वर न्यायला गेलेला त्याचा भाऊ हारुन दोन वर्षांपूर्वी कड्यावरून पडून गेला.

आता गावाने बर्फाचं लग्न लावायचं ठरवलं आहे. हसू नकोस. मी हसलो होतो, आणि मग नूरुद्दीनचा चेहरा पाहून गप्प बसलो. त्यांच्याकडची ही फार जुनी रीत आहे. बर्फात नर असतो आणि मादी असते. नर काळपट, दगडमातीने माखलेला, पाणी हातचं राखून देणारा. मादी पांढरी, निळसर झाक असलेली, सढळ. एका खोऱ्यातून नर आणायचा, दुसऱ्यातून मादी, आणि ऊन न शिरणाऱ्या उंच घळीत दोघांना कोळसा, भुसा नि दगडांखाली एकत्र पुरायचं. वर भोपळ्यांतून नेलेलं नदीचं पाणी घालायचं. पुढे तिथे नवा बर्फ धरतो आणि एक पिढी गेल्यावर पाणी देतो, असं म्हणतात. ओझं वाटेत जमिनीला टेकवायचं नाही. नेणाऱ्यांपैकी कुणी एक शब्दही बोलायचा नाही. बोललं तर लग्न मोडतं.

पाटाचं पाणी पिणाऱ्या प्रत्येक घरातून एक खांदा लागतो. ज्या घराचा खांदा नाही, त्या घराला पुढे पाळी नाही. नूरुद्दीनच्या घरी म्हातारी आई, हारुनची बायको आणि लहान मुलं. खांदा एकच उरला आहे, आणि तो इथे कॉम्प्रेसरला तेल घालतो आहे.

हे लग्न वाटा बंद व्हायच्या आत, आपल्या कार्तिकात लागतं. पण टाकीवरचा आणि कॉम्प्रेसरवरचा माणूस एका वेळी सुट्टीवर जाऊ शकत नाही. यंदाची पाळी माझी, त्याची पुढच्या वर्षी.

त्याने माझ्याकडे काही मागितलेलं नाही. नीट जेवत नाही, एवढंच. मीच आमच्या फोरमनशी बोललो. लियाकत त्याचं नाव, सिंधमधला आहे. जी नदी नूरुद्दीनच्या डोंगरातून निघते, तीच लियाकतच्या गावापाशी समुद्राला मिळते. मिळायची, म्हणायला हवं. वाटेत सगळे तिचं पाणी काढून घेतात. तो ऐकून घेऊन म्हणाला, "ऊपर वाला रोता है बर्फ गया, नीचे वाला रोता है पानी नहीं आया. मैं तो नीचे वाला हूँ, मेरे खेत में समंदर आता है. मुझे क्या सुनाते हो? दोनों में से एक जाएगा. जुम्मे तक नाम दे दो. चाहो तो कुश्ती लड़ लो, यल्ला, चलो."

म्हणून तुला विचारतो आहे. कन्यादानाचं उदक सोडायला बापाचे हात लागतात, हे मला कळतं. तू सांगशील तसं करीन.

तुझे बाबा
मुरलीधर


उम्म अल कुवैन
२० ऑक्टोबर १९९७

चि. दर्शना,

तुझं पत्र आज मिळालं. "बाबा, या." मी कागद उलटून पाहिला. मागे काही नव्हतं.

नूरुद्दीन परवा गावी गेला.

तुला पत्र टाकलं त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी मी लियाकतला त्याचं नाव दिलं होतं. पत्राला जायला पंधरवडा लागतो आणि उत्तर यायला पंधरवडा. एवढं गणित मला येतं. मग विचारलं कशाला, असं तू म्हणशील. न विचारता करणं मला जमलं नाही, आणि विचारून थांबणंही जमलं नाही. तू नाही म्हणणार नाहीस, असंही कुठेतरी धरून चाललो होतो. लहानपणी तू कधी हट्ट केला नाहीस, त्याची मला सवय झाली असावी.

तुझ्या बाजूने मामा उभे राहतील. मामी आहेत, आई आहे. मांडवात माझी जागा रिकामी दिसेल, पण लग्न लागेल. त्याच्या जागी उभं राहायला कुणीच नव्हतं. हे मी स्वतःला सांगतो तेव्हा पटतं. तुला लिहायला घेतलं की पटेनासं होतं.

नूरुद्दीनला कळलं तेव्हा त्याने हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाला, "मुरली भाई, बेटी क्या कहेगी?" मी म्हटलं, तिला विचारलं आहे. ते खोटं नव्हतं.

लग्नाला रिकाम्या हाताने माणूस पाठवायचा नाही, ही आपली रीत. मी जाऊ शकत नव्हतो, पण आहेर तर पाठवायला हवा. तो सांगत होता, पूर्वी ते बर्फ बकरीच्या केसांच्या घोंगड्यांत गुंडाळत. आता गावात बकऱ्या उरल्या नाहीत, चारा नाही म्हणून. मी म्हटलं, अरे, बर्फ गुंडाळायला गोणपाटासारखं दुसरं काही नाही, आपण इथे रोज तेच करतो. मग टाकीवरची चांगली जाड गोणपाटं निवडली, धुतली, उन्हात वाळवली आणि घट्ट गाठोडं बांधून दिलं. वर हळदीकुंकवाचं बोट लावलं. लियाकत म्हणाला, "वाह, लड़की वाले!" नूरुद्दीनने ते गाठोडं छातीशी धरून नेलं. सामानात टाकलं नाही.

तुझ्यासाठी भिवाकडे साडी दिली आहे. तो शारजाहून पुढच्या आठवड्यात गावी जातो आहे. रंग आवडेल की नाही, माहीत नाही. दुकानदाराने हाच चालतो म्हणून सांगितलं.

बाबा


उम्म अल कुवैन
२ डिसेंबर १९९७

चि. सौ. दर्शना,

नावाआधी सौ. पहिल्यांदाच लिहिलं. पेन थोडा वेळ तिथेच थांबलं.

तुझ्या आईचं पत्र अजून नाही. मी फोन केला होता. नानांच्या दुकानातून बोलावणं गेलं, पण कुणी आलं नाही. नाना म्हणाले, सगळं व्यवस्थित झालं, पाहुणे जेवून गेले. मग त्यांनी आईचा निरोप सांगितला. आधी सांगत नव्हते, मीच आग्रह केला. "तुमचा बर्फ तुम्हाला लखलाभ."

त्या दिवशी मुहूर्ताच्या वेळी मी डबे भरत होतो. इथे तेव्हा सकाळच होती. बर्फाचे पत्र्याचे उंच डबे असतात, त्यांत गोडं पाणी भरायचं आणि ते खाऱ्या पाण्याच्या टाकीत सोडायचे. ते खारं पाणी इतकं थंड असतं की डब्यातल्या पाण्याची दुसऱ्या दिवशी लादी होते. घड्याळात वेळ झाली तेव्हा मी नळी डाव्या हातात घेतली आणि उजव्या ओंजळीवरून पाणी डब्यात सोडलं. जे मंत्र आठवले ते म्हटले. सगळे आठवले नाहीत. तो डबा बाकीच्यांसारखाच टाकीत गेला. दुसऱ्या दिवशी लादी निघाली, होडीवर चढली. कुठल्या होडीवर, ते पाहायचं नाही असं मी ठरवलं होतं, तरी पाहिलं. हिरवी होती.

हे सांगायला पत्र लिहीत नाही. दुसरंच लिहायचं आहे, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला लिहावं कळत नाही.

त्या दिवशी पाणी सोडून झाल्यावर मी टाकीच्या झाकणावरच्या गोणपाटाला हात पुसले आणि मग तोंडावरून हात फिरवला. डोळे इतके चुरचुरले की उघडेनात. आधी वाटलं, आज डोळ्यांनी चुरचुरावंच. मग ओठांवर चव आली. मीठ.

टाकीवरची गोणपाटं वर्षानुवर्षं त्या खाऱ्या पाण्याचे शिंतोडे पीत असतात. मी ती धुतली होती खरी, पण कशाने? इथे गोडं पाणी टँकरने येतं, वाया घालवत नाहीत. लाद्या सोडवायला खाऱ्या टाकीतून काढलेले डबे ज्यात बुडवतो, त्या हौदातल्या उरलेल्या पाण्याने धुतली. वाळल्यावर मीठ आत तसंच राहिलं. आणि मीठ बर्फाचं काय करतं, हे ज्याला ठाऊक नाही त्याने या फॅक्टरीत पाऊल टाकू नये.

मी नवरा-नवरीला विष आहेर केलं.

लियाकतकडे पळत गेलो. म्हटलं, तार करू या. तो खुर्चीवरून उठलासुद्धा नाही. म्हणाला, "सोच ले, मुरली. हिंदुस्तानी आदमी, दुबई के रास्ते, पाकिस्तान की सरहद के गाँव में तार भेजता है: बोरी इस्तेमाल मत करना. पुलिस तेरे यार को उलटा लटकाएगी, पूछेगी कौन सी बोरी." मग माझ्याकडे बघून जरा नरमला. "और शादी तो हो गई होगी, हबीबी. खलास. अब दुआ कर."

करतो आहे. रोज दिवा लावतो तेव्हा तुझं नाव घेतो आणि त्यानंतर त्या बर्फाचं. एका दिव्यापुढे दोन लग्नं. दोन्हींना मी नव्हतो, आणि दोन्हींत माझ्याकडून काही बिघडलं.

बाबा


उम्म अल कुवैन
९ फेब्रुवारी १९९८

चि. सौ. दर्शना,

नूरुद्दीन परत आला. ओठ फुटलेले, नाकाची कातडी गेलेली. दारात उभा राहून आधी हेच म्हणाला, "मुरली भाई, दुल्हन के लिए ज़हर भेजा था?"

मी खाली बसलो. तो हसायला लागला.

त्याने सांगितलं ते असं. गाठोडं घरी नेल्यावर त्याच्या आईने सोडलं. म्हातारीने गोणपाट नाकाला लावलं, मग जिभेला. विचारलं, हे कुणी दिलं, दोस्ताने की दुश्मनाने? तो म्हणाला, दोस्ताने, हिंदुस्तानी आहे, बेटीचं लग्न सोडून त्याने मला पाठवलं. म्हातारी म्हणाली, "तो दोस्त नादान होगा." आणि गोणपाटं एकुलत्या उरलेल्या गाईच्या गोठ्यात टांगली. त्यांच्याकडे गुरांना चाटायला मीठ मिळत नाही. "गाय रोज चाटती है. दूध बढ़ गया. अम्मा कहती है, अपने दोस्त से बोलो, अगली बार और नमक भेजे."

बर्फ त्यांनी गवतात आणि जुन्या कातड्यांत गुंडाळला.

मग तो गंभीर झाला. ते पहाटे निघाले. नर एका खोऱ्यातून आला, मादी दुसऱ्यातून, आणि वाटेत दोन्हीकडचे लोक एकत्र झाले. कुणी सलामही केला नाही. पाठीवर टोपली, टोपलीत बर्फ, आणि वितळलेलं पाणी पाठीवरून कमरेत उतरतं. एक थकला की दुसऱ्याने टोपली खांद्यावर घ्यायची, पण खाली ठेवायची नाही. एका वळणावर त्याचा पाय सरकला. त्याच कड्यावर, जिथून हारुन गेला होता. मागच्याने त्याचा पट्टा धरला. त्याच्या तोंडून हाकही आली नाही, धरणाऱ्याच्या तोंडूनही नाही. "जान तो बच गई, पर चिल्लाता तो शादी टूट जाती. मैंने सोचा ही नहीं. मुँह अपने आप बंद रहा."

वर घळीत दोघांना शेजारी ठेवलं, कोळसा घातला, भोपळ्यांतलं पाणी ओतलं, दगड रचले. म्हाताऱ्यांनी दुआ मागितली. मग सगळे एकदम बोलू लागले, म्हणाला, पाखरांसारखे. हारुनच्या मोठ्या मुलाच्या नावावर पाळी राहिली.

मी विचारलं, आता बर्फ धरेल? तो म्हणाला, "मेरे बाल तो सफेद हो चुके. हारुन के बेटे के बाल जब सफेद होंगे, तब पूछना."

हे सगळं मी तुझ्या आईला लिहिलं नाही. तिला गोठ्याची गोष्ट आवडली असती. तू सांग, जमलं तर.

बाबा


उम्म अल कुवैन
२० डिसेंबर १९९८

चि. सौ. दर्शना,

सुट्टी संपवून परत आलो. तुझ्या घरी येऊन गेलो हे तुला ठाऊक आहे. आतल्या खोलीत तुझ्या बांगड्यांचा आवाज आला, तो मी ओळखला.

तांब्याभर पाणी आणि गूळ तुझ्या सासूबाईंनी आणला. बाई भल्या आहेत. म्हणाल्या, तिचं डोकं दुखतंय. मी म्हटलं, पडू द्या. जावईबापूंनी इकडच्या पगाराचं, हवेचं विचारलं. मी चहा घेतला आणि निघालो. चपला घालायला वेळ लावला. कुणी आलं नाही.

गावी सगळ्यांना कळलं आहे. भिवाने सांगितलं असणार. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. देवळात कुणीतरी म्हणालं, मुरल्या पाकिस्तान्याच्या बर्फाला हळद लावून आला. लोक हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार? आईने मला जेवायला वाढलं, सगळं वेळेवर केलं, पण वर्षभर पत्रांत जे बोलली नाही ते समोर बसूनही बोलली नाही. पाटाच्या पाळीला मी स्वतः गेलो. आपला पाट वाहतो आहे. पहाटे वाडीत पाणी शिरलं तेव्हा मी बांधावर उभा होतो, आणि मला तिथे उभं राहायची लाज वाटली.

बाबा


उम्म अल कुवैन
१५ ऑगस्ट १९९९

चि. सौ. दर्शना,

या उन्हाळ्यात तुम्हाला तिथे जे ऐकावं लागलं असेल, त्याची कल्पना आहे. टीव्हीवर जे डोंगर दाखवत होते, त्यांच्या मागच्या अंगाला नूरुद्दीनचं गाव. कॅम्पमध्ये आमचे लोक मला म्हणत, त्याच्याबरोबर एका स्टोव्हवर कसा शिजवतोस? त्याला त्याचे लोक तेच म्हणत. आम्ही डाळ शिजवत राहिलो. बातम्या लागल्या की कुणीतरी एक जण उठून बाहेर जायचा. एकदा दोघंही एकदमच उठलो, दारात धडकलो.

त्याच्या घरची पत्रं या काळात आली नाहीत. आता एक आलं. सगळे आहेत. पण पाटाला पाणी फक्त भर दुपारी, तेही उन्हाळ्याचे थोडे दिवस. नव्या जागेत लावलेले जर्दाळू वाळले. पाणी भरपूर होतं तेव्हा लावले होते ते.

तुझ्या सासरी या गोष्टीवरून तुला कुणी काही बोललं असेल, तर ते माझ्यामुळे आहे. उलट उत्तर देऊ नकोस. किंवा दे. तुला योग्य वाटेल तसं.

बाबा


उम्म अल कुवैन
३ सप्टेंबर २००१

चि. सौ. दर्शना,

मुलगा झाल्याचं आईने कळवलं. ती आता लिहिते, थोडंथोडं. बाळाला माझा आशीर्वाद सांग. न सांगितलास तरी तो आहेच.

नूरुद्दीनच्या गावात जुलैमध्ये पूर आला. पाण्यासाठी तडफडणाऱ्या गावात पूर, हे मला आधी समजेना. त्याने टेबलावर बशी आणि भाकरीचे तुकडे मांडून दाखवलं. बर्फ मागे सरकतो तेव्हा जिथे तो होता तिथे खड्डा उरतो. खड्ड्यात पाणी साठतं, पुढे नुसता दगडमातीचा बांध. एके दिवशी बांध सुटतो. चक्की गेली, खालची शेतं गेली, गोठा गेला. गोणपाटंही गेली असणार. माणसं वाचली, कारण दिवसाउजेडी झालं आणि म्हातारीने डोंगराचा आवाज ओळखला. पाच-सहा घरं गाव सोडून रावळपिंडीला गेली. त्यांच्या पाळ्या आता कुणाच्या, म्हणून उरलेल्यांत भांडण. पाणी नाही, पण भांडण आहे.

लियाकत नोकरी सोडून गेला. गावी नाही, कराचीला. त्याची सगळी जमीन खारट झाली. निरोप घ्यायला आला तेव्हा नूरुद्दीनला म्हणाला, "तेरी दुल्हन की गोद भरे तो एक बूँद नीचे भी भेज देना. मैं तो न रहूँगा, पर नदी को रास्ता मालूम है." इतकी वर्षं तो त्या लग्नाची टिंगल करत होता. दोघं गळ्यात पडून रडले. मी कॉम्प्रेसर बघायला गेलो.

मी थकलो आहे, दर्शना. शरीराने म्हणत नाही. इथे समुद्राचं मीठ काढून पाणी करतात, त्या पाण्याचा आम्ही बर्फ करतो, तो होडीत मासळीवर वितळून परत समुद्रात जातो. रोज सकाळी नव्याने सुरुवात. यातून कधीच काही साठत नाही. देवाच्या डोक्यावर थेंब थेंब अभिषेक करणाऱ्या गळतीसारखं म्हणून इतकी वर्षं करत आलो, पण अलीकडे मन लागत नाही.

बाबा


उम्म अल कुवैन
१६ मार्च २००३

चि. सौ. दर्शना,

तुझं कार्ड मिळालं. "बाबा, त्या बर्फाचं पुढे काय झालं?"

या खेपेलाही मी कार्ड उलटून पाहिलं. मागे नुसता पत्ता. पण मी ते तीनदा वाचलं, आणि मग नूरुद्दीनला वाचून दाखवलं. मराठीत, आणि मग हिंदीत. तो म्हणाला, "बेटी ने पूछा?" मी म्हटलं, हो. तो उठला, चहा ठेवला आणि म्हणाला, मग नीट सांगतो, तू नीट लिही.

गेल्या वर्षी सुट्टीत तो हारुनच्या मुलाला घेऊन त्या घळीत चढला होता. हे त्याने मला तेव्हा सांगितलं नव्हतं. मी विचारलं नाही म्हणून, म्हणाला. मला विचारायची भीती वाटत होती, म्हणून मी विचारलं नव्हतं.

आपल्याकडे श्रावण, तिकडे वर्षातलं सगळ्यात कडक ऊन. आजूबाजूचा सगळा बर्फ गेलेला. रचलेले दगड जागच्या जागी होते. त्याने वरचे दोन दगड बाजूला केले. आतून गार हवा आली. हात घातला तर खाली टणक लागलं. काळं, कोळसा मिसळलेलं. नखाने खरवडलं, बर्फ. त्यांनी ठेवला होता त्याहून जास्त की कमी, हे त्याला सांगता येत नाही. आहे, एवढंच.

मग त्याने दगडाला कान लावला. पाण्याचा आवाज येतो का, म्हणून. बराच वेळ लावून ठेवला. काहीच आवाज नाही.

हे ऐकून माझा चेहरा पडला असणार. तो म्हणाला, "नहीं नहीं, मुरली भाई. आवाज न आना अच्छा है. आवाज आए तो समझो पिघल रहा है, जा रहा है. चुप है, मतलब टिका हुआ है." त्यांनी दगड पुन्हा होते तसे लावले आणि उतरले. उतरताना हारुनचा मुलगा बोलायला लागला, तर नूरुद्दीनने त्याला गप्प केलं. उगीचच. आता ओझं नव्हतं.

तर हे असं आहे. गावाला त्या बर्फाचं पाणी मिळालेलं नाही. मिळेल का, आणि मिळेपर्यंत गाव तिथे असेल का, हे कुणी सांगू शकत नाही. तुझ्या लग्नाच्या दिवसाच्या बदल्यात जे झालं ते एवढंच. याहून मोठं काही तुला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तू खरं विचारलंस म्हणून खरं लिहिलं.

मी आता इथलं आवरतो आहे. फॅक्टरी विकली जाणार, होड्यांवरच आता बर्फाची यंत्रं बसतात. नूरुद्दीन राहील, त्याला दुसरीकडे काम मिळालं आहे. मला मिळालं असतं, मी पाहिलं नाही. त्याने माझ्याजवळ जर्दाळूच्या बिया दिल्या आहेत, तुझ्या मुलाला. जुन्या झाडाच्या, दारातल्या. ते अजून आहे.

वैशाखात निघतो. गावी जायच्या आधी तुझ्याकडे येईन. पायरीशी थांबेन. बोललंच पाहिजेस असं नाही, तुझं न बोलणं मी इतकी वर्षं चुकीचं वाचत आलो असेन. सासूबाईंना म्हणावं, बसून राहा.

तांब्या तेवढा तू आण.

बाबा